दवाखान्यात मी दिलेलं उत्तर

हिंगोली जिल्हा होण्याच्या आदल्या पावसाळ्यात माझ्यामुळे एक माणूस मरणाच्या दारात गेला आणि कसाबसा वाचला. पुढे सात-आठ वर्षं मी हे ज्यांना सांगायला हवं त्यांना सांगितलं नाही. सांगितलं तेव्हाही पुरतं सांगितलं नाही.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. शहरातल्या कॉलेजात बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करत होतो आणि पोळ्याच्या सुट्टीला गावी आलो होतो. आमचं गाव जवळा बाजारपासून फार लांब नाही. सिद्धेश्वरच्या धरणाचा कालवा शिवारातून जातो. कालव्याच्या अंगाला आमचा सहा एकर कापूस होता आणि त्या साली त्यावर मावा, तुडतुडे फार पडले होते. पानं खालून चिकट झाली होती.

गावात फवारणी करावी तर एकाच माणसानं, असं सगळे म्हणत. तो वडिलांच्याच वयाचा. ओढ्यापलीकडच्या बौद्धवस्तीत त्याचं घर होतं, स्वतःची दोन-अडीच एकर जमीन होती, आणि उरलेले दिवस तो लोकांच्या शेतात फवारणीला जाई. मी त्यांना मामा म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला मामी. वडील त्यांना नुसत्या नावानं हाक मारत आणि ते वडिलांना आबा म्हणत. मी ‘अहो मामा’ म्हणतो म्हणजे मी फार सुधारलेला आहे, असं मला तेव्हा वाटायचं.

मामांचे नियम होते. वाऱ्याकडे पाठ करूनच चालायचं. तोंडावर ओलं फडकं बांधायचं. पाठीवरचा पंप कितीही चांगला असला तरी थोडा ठिबकतोच, म्हणून युरियाची रिकामी गोणी फाडून पाठीवर बांधायची आणि वर पंप घ्यायचा. काम संपेस्तोवर बिडी नाही, पाणी नाही. संध्याकाळी कालव्यावर साबण लावून दोनदा अंघोळ. लोक हसत, पण त्यांना वीस वर्षांत फवारणीचं औषध कधी बाधलं नव्हतं.

आमच्या शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे पत्र्याच्या खोपीत, माळ्यावर मॅलाथिऑनचे दोन डबे पडून होते. तीन उन्हाळे ते तिथंच होते. आमच्याकडे मे महिन्यात त्या पत्र्याखाली उभं राहवत नाही. त्या सकाळी वडिलांनी डबे खाली काढले आणि म्हणाले, “हे लई जुनं झालं. खड्डा करून पुरून टाकतो. जवळ्याहून नवं आणू.”

मी डबा हातात घेऊन वाचला. मुदत कधीच संपली होती. “मुदत संपली म्हणजे फक्त जोर कमी होतो,” मी म्हणालो. “थोडं जास्त टाकलं की झालं. पुरता कशाला?”

मामांनी एका डब्याचं झाकण उघडलं, नाक जवळ नेलं आणि लगेच मागं घेतलं.

“आबा, ह्याचा वास बदललाय,” ते म्हणाले. “मॅलाथिऑनचा वास असा नसतो. मला काही बराबर वाटून नाही राहिलं.”

मी हसलो. त्याच सत्रात मी हा धडा शिकलो होतो आणि तो मला इतका आवडला होता की वर्गात मीच उठून फळ्यावर आकृती काढली होती. आता ती मी काडीनं आखाड्यासमोरच्या मातीत काढली. मामांना म्हणालो, हे औषध म्हणजे शिवलेलं कापड समजा. जोवर शिवण शाबूत, तोवर ते विष. माणसाच्या लिव्हरमध्ये एक एन्झाइम असतं, कार्बोक्झिलएस्टरेज नावाचं. ते ही शिवण उसवतं. उसवलेलं औषध निरुपयोगी होतं आणि लघवीवाटे निघून जातं. किड्याच्या अंगात हे एन्झाइम जवळजवळ नसतंच, म्हणून किडा मरतो आणि माणसाला काही होत नाही.

“हे सगळ्यात गरीब औषध आहे मामा,” मी म्हणालो. “बघा.” आणि बादलीत थोडं औषध कालवून त्या पाण्यात मी हात बुडवून दाखवला. लगेच धुतलाही, पण तो बोलता बोलता, त्यांच्या लक्षात येणार नाही असा.

मामा त्या आकृतीकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “तू म्हणतोस तर आसंल. शिकलेला हाईस.”

मी मापाच्या दुप्पट औषध टाकलं. त्या दिवशी पाऊस उघडलेला आणि उकाडा असा की उभ्या माणसाच्या अंगातून धार लागावी. तासाभरानं मामांनी तोंडावरचं फडकं ढिलं केलं तेव्हा मीच म्हणालो, “काढून टाका ना. ती गोणीही काढा, उगाच शिजताय.” त्यांनी आधी ऐकलं नाही. दुपारी ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी गोणी आणलीच नाही. पंपाचा वायसर, म्हणजे रबरी वॉशर, गेलेला होता, आणि दोन दिवस त्यांचा सदरा पाठीला ओला चिकटलेला मी बघत होतो. मी बांधावर बसून पुस्तक वाचत होतो.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर ते ओळीच्या मधेच थांबले. पंप उतरवला नाही, तसेच खाली बसले. मी गेलो तर तोंडातून लाळ गळत होती आणि पुसायला हात वर जात नव्हता. मांडीचं मांस कातडीखाली आपोआप उडत होतं. “बापू, समदं धुरकट दिसून राहिलं,” ते म्हणाले. मग उलटी झाली, कपडे खराब झाले, आणि त्याची त्यांना इतकी लाज वाटली की त्या अवस्थेतही ते मला “तू तिकडं हो” म्हणत होते.

वडिलांनी गावातली जीप आणली. मामी पंधरा मिनिटांत आल्या, अनवाणी. हिंगोलीला एका दवाखान्यात नेईपर्यंत मामांची वाचा गेली होती.

डॉक्टर तरुण होते, चांगले होते. त्यांनी डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या, त्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. लगेच ॲट्रोपिनचा उतारा सुरू केला. थोडी उसंत मिळाली तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं. मी काय शिकतो हे वडिलांनी मोठ्या अभिमानानं त्यांना आधीच सांगितलं होतं. डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलले, आपल्यासारखाच एक माणूस भेटल्यावर बोलतात तसं. औषध कोणतं? मी सांगितलं, मॅलाथिऑन. ते म्हणाले, नुसत्या फवारणीनं मॅलाथिऑन इतकं लागतं का? तुम्ही हेच शिकता ना? की यांनी घेतलंय?

मामी तीन पावलांवर भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी म्हणालो, “फवारणीनं इतकं होत नाही, सर. एन्झाइम असतं. इतकं व्हायचं तर पोटातच जायला पाहिजे.”

त्यांनी मान हलवली आणि कागदावर लिहिलं.

मला तसंच वाटत होतं, हे खरं आहे. पण डबे तीन उन्हाळे तापलेले होते, मी माप दुप्पट केलं होतं, आणि गोणी मी काढायला लावली होती. या तीन गोष्टी मला त्या क्षणी लख्ख आठवत होत्या. त्यातली एकही मी बोललो नाही. डॉक्टरांचा यात दोष नाही. त्यांनी जाणत्या माणसाला विचारलं होतं, आणि उत्तरही त्यांना जाणत्यासारखंच मिळालं होतं.

पिलेलं विष म्हटल्यावर पोलीस आले. मामींचा जबाब घेतला. घरात काही भांडण झालं होतं का? झालं होतं. आदल्या रात्री जेवताना, मामींच्या भावाकडच्या लग्नाला कोण जाणार यावरून. कुणाच्या घरात होत नाही असं. मामींनी ते सरळ सांगून टाकलं, कारण लपवण्यासारखं त्यात त्यांना काही दिसलं नाही. गावात दोन दिवसांत गोष्ट तयार झाली. बायको टोचून बोलली, त्यानं रागात औषध पिलं. माझ्या घरचं सांगणं एक आणि मामींचं सांगणं एक, तर गाव कोणाचं ऐकणार हे मला माहीत होतं. मी त्याच गावचा आहे.

तिसऱ्या दिवशी मामांना मान धरवेना. पोरं मान टाकतात तशी पडायची. श्वासाला त्रास होता. डॉक्टरांनी रात्रंदिवस लक्ष दिलं आणि दहाव्या-बाराव्या दिवशी ते उठून बसले. पहिलं वाक्य ते बोलले, “म्या पेलो न्हाई.” डॉक्टर मायेनंच म्हणाले, “असू द्या, आता तसं पुन्हा करायचं नाही.” मी दाराशी उभा होतो. मामांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटत होतं की आता हा सांगेल.

मी बाहेर गेलो.

ते डबे मी त्याआधीच, दवाखान्यातून पहिल्यांदा परतलो त्या सकाळी, बांधाखाली पुरले होते. वडिलांनी विचारलं, “काय करून राहिला?” मी म्हणालो, “तुम्हीच म्हणाला होता ना पुरा म्हणून.”

कॉलेजात परत गेलो. त्या वर्षी परीक्षेत मॅलाथिऑनवर प्रश्न आला. माणसाच्या शरीरात त्याचं विष कसं उतरतं ते लिहा. मी चार पानं लिहिली, आणि त्या पेपरात मी वर्गात पहिला आलो.

मामांच्या घरी काय झालं ते मला सुट्ट्यांमध्ये तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. त्यांच्या आईनं सुनेच्या हातचं पाणी घेणं बंद केलं. म्हातारी स्वतः घागर घेऊन हापशावर जाऊ लागली, सगळ्या वस्तीला दिसेल अशी. मामींचा भाऊ येईनासा झाला, कारण त्याच्या घरच्या लग्नाचं नाव त्या भांडणात आलं होतं. आणि मामांना फवारणीला कुणी बोलवेना. जो स्वतः पितो त्याच्या हाती औषध कोण देणार? तशीही त्यांच्या डाव्या हाताची पकड गेली होती. त्यांनी शेळ्या धरल्या. मी दिसलो की “बापू, कवा आलास?” म्हणायचे. मी दुसऱ्या वाटेनं जायला शिकलो.

पुढे मी मोठ्या शहरात एका प्रयोगशाळेत संशोधनाला लागलो. योगायोग म्हणावा तर तेच एन्झाइम. औषधांच्या कामात ते फार मोठं आहे. काही गोळ्या आपण गिळतो तेव्हा निजलेल्या असतात. लिव्हरमधलं हे एन्झाइम त्यांचा एक टाका उसवतं आणि त्या जाग्या होतात. काही औषधं जागीच येतात आणि हे त्यांना उसवून निजवतं, बाहेर घालवतं. कुणात ते जास्त असतं, कुणात कमी. त्यामुळे एकच गोळी एकाला पुरते आणि दुसऱ्याला पुरत नाही. दिवसभर मी हेच मोजत असे. मोजायची एक सोपी पद्धत होती. एन्झाइम चालू असेल तर काचनळीतलं पाणी पिवळं होतं, बंद असेल तर बिनरंगाचं राहतं.

एकदा मला तुलनेसाठी मॅलाथिऑन हवं होतं. कपाटात नव्हतं. खिडकीच्या कट्ट्यावर एक जुनी बाटली सापडली, बाजारी औषधाची. ती वापरली. तासाभरानं बघितलं तर एकही नळी पिवळी झाली नव्हती. मॅलाथिऑनची सोडाच, त्यानंतर घातलेल्या दुसऱ्या कशाचीही नाही. एन्झाइम मेल्यासारखं झालं होतं. मला वाटलं माझंच काही चुकलं. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

आमच्या प्रमुख एक वयस्क बाई होत्या. त्यांनी नळ्या उजेडात धरल्या आणि विचारलं, “बाटली कुठे होती?”

“खिडकीत.”

“उन्हात? किती दिवस?”

“माहीत नाही. वर्ष, दोन वर्षं.”

“मग त्यात आता नुसतं मॅलाथिऑन नाही,” त्या म्हणाल्या. “हे तापलं की त्यातले काही कण आपली मांडणी बदलतात. जे बदलतात ते या एन्झाइमलाच धरून ठेवतात, उसवू देत नाहीत. मग उरलेलं चांगलं मॅलाथिऑनसुद्धा अंगात तसंच राहतं. जुनं तापलेलं औषध नव्यापेक्षा माणसाला जास्त वाईट. हे बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. तुम्ही वाचलं नाही?”

मी वाचलं नव्हतं. मी चार पानं लिहिली होती.

बाई गेल्यावर मी त्या नळ्यांसमोर स्टुलावर बसून राहिलो. मुदत संपली म्हणजे जोर कमी होतो, असं मी म्हणालो होतो. मामांच्या नाकाला जे कळलं होतं ते मला पाच वर्षांच्या अभ्यासानं कळलं, तेही चुकून. आणि त्यांनी पिलं नव्हतं हे आता मला वाटण्या-न वाटण्याचा प्रश्नच राहिला नव्हता. ते पिले नव्हते, हे आता रसायनच सांगत होतं.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा वडिलांना सगळं सांगितलं. दवाखान्यातलं उत्तरही. ते ऐकत राहिले. त्यांचे हात गुडघ्यांवर होते आणि ते हातांकडेच बघत होते. मग म्हणाले, “झालं ते झालं. आता काहून उकरून काढतोस? तो जित्ता हाय. पोलिसाचं काही मागं लागलं तर तुझी नोकरी जाईल.”

मी मान हलवली. खरं सांगायचं तर मी त्यांना सांगितलंच होतं ते हे ऐकण्यासाठी. कुणीतरी वडीलधाऱ्यानं गप्प राहा म्हणावं, म्हणजे गप्प राहण्याचं ओझं त्याचं. मी दोन वर्षं गप्प राहिलो. त्या दोन वर्षांत मामांची आई वारली.

त्याच्या पुढच्या पावसाळ्याआधी मी आलेलो असताना मामींचा निरोप आला. हाताच्या औषधाचं विचारायचंय, येऊन जा. नाही म्हणता येईना. सकाळी दहाच्या सुमाराला गेलो. मामा अंगणात शेळ्यांना पाला टाकत होते. मामींनी बाज टाकली आणि आतून प्लास्टिकची पिशवी आणली. दवाखान्याचे कागद होते, घडीवर फाटलेले.

“तू औषधातलं शिकलास,” त्या म्हणाल्या. “ह्यांच्या डाव्या हाताला काही ताकद येती का बघ. आन् ह्यात काय लिवलंय ते एकदा समदं वाचून दाखव. आजवर कुणी वाचून दाखवलं न्हाई.”

मी वाचत गेलो. तारीख, वय, नाडी. मग तो शब्द आला आणि मी थांबलो.

“काय लिवलंय?”

“पोटात घेतलं, असं लिहिलंय.”

“ते तर म्हाईत हाय,” मामी म्हणाल्या. “पर हे त्यास्नी सांगितलं कुनी? हे तर तवा बेसूद व्हते. म्या न्हाई सांगितलं. म्या जबाबात बी न्हाईच म्हणलं व्हतं. डाक्टरला कुनी सांगितलं?”

त्यांना खरंच माहीत नाही, असं मला वाटलं. इतकी वर्षं त्यांनी हा प्रश्न सांभाळून ठेवला होता आणि विचारायला मी सापडलो होतो.

“मी सांगितलं,” मी म्हणालो.

मग बाकीचं सांगितलं. जुना डबा, दुप्पट माप, गोणी. प्रयोगशाळेतली बाटली. मामा पाल्याची पेंढी हातात धरून उभे होते. शेळी ती ओढून खात होती आणि त्यांचं लक्ष नव्हतं.

“म्हंजे म्या पेलो न्हवतो?” त्यांनी विचारलं.

“नाही मामा.”

“खरंच न्हवतो?”

“नाही.”

ते खाली बसले. “एवढे लोक म्हणून राहिले,” ते म्हणाले, “माझं मलाच वाटायलं व्हतं बापू. भोवळ आली तवा पेलो का काय म्या. मला तर काही आठवतच न्हाई. आईनं मरताना बी इचारलं, काहून पेलास रं? म्या काही बोललो न्हाई.”

मामी माझ्याकडे बघत होत्या. “तुला हे कवा कळलं? बाटलीचं?”

“आत्ताच,” मी म्हणालो. “महिना झाला असेल.”

“महिना,” त्या म्हणाल्या. “सासूबाईला जाऊन साल होईल आता. थोडं आधी कळलं असतं तर तिला सांगता आलं असतं. माझ्या हातचं पाणी न पिता गेली ती.”

मी कागदांची घडी घालत राहिलो. एवढं कबूल करूनही मी खोटं बोललो होतो, आणि तेच खोटं सगळ्यात जास्त लागणारं होतं.

मामींनी माझ्याकडून एकच गोष्ट मागितली. रडल्या नाहीत, बोल लावला नाही. “येत्या पुनवेला इहारात समदे असत्यात. माझ्या भावाला बी बोलावून घेते. तितं उभं राहून सांग.”

पौर्णिमेला संध्याकाळी मी विहारात गेलो. वडील माझ्यासोबत आले, न सांगता. ते त्याआधी कधी तिथं गेले नव्हते. मागे भिंतीला टेकून, चपला हातात घेऊनच बसले. वंदना झाली. मामींचा भाऊ पुढच्या ओळीत होता, चेहरा घट्ट करून. मला बोलायला सांगितलं.

मी बोललो. पण मला आज आठवतं की मी कसा बोललो. मी एन्झाइमपासून सुरुवात केली. औषधाचे कण उष्णतेनं कसे बदलतात, लिव्हरचं काम कसं अडतं, हे तेव्हा कसं लक्षात येण्यासारखं नव्हतं. शब्द एकामागून एक अवघड होत गेले, आणि मला जाणवत होतं की त्या शब्दांच्या आडोशाला मला बरं वाटतंय. लोक आदरानं ऐकत होते. कुणाला काही कळत नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ म्हणालेही, “लई अभ्यास हाय पोराचा.”

तेव्हा मामी उठल्या. बायकांच्या बाजूनं, पदर सावरत.

“थांब,” त्या मला म्हणाल्या आणि लोकांकडे वळल्या. “हे म्हणून राहिलं ते असं हाय. औषध जुनं व्हतं, खराब व्हतं. ह्यांनी वास घेऊन सांगितलं व्हतं, ह्यानं ऐकलं न्हाई. ह्यानंच जास्त टाकलं. ह्यानंच पाठीवरची गोणी काढाय लावली. औषध पाठीतून लागलं. ह्यांनी पेलं न्हाई. म्या कुनाला प्यायला लावलं न्हाई. आन् डाक्टरला पेलं म्हणून ह्यानं सांगितलं. बराबर हाय का?”

“बरोबर आहे,” मी म्हणालो.

“मोठ्यानं सांग.”

मी मोठ्यानं सांगितलं. दोन शब्दच, पण माझ्या सगळ्या भाषणात खरे तेवढेच होते. मामींचा भाऊ उठून बाहेर गेला. लोकांना वाटलं रागावला. तो बाहेर जाऊन तोंड धुवून परत आला आणि मामांच्या शेजारी जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी मी शहरात परतलो. आठवड्यानं वडिलांनी बाजारातल्या बूथवरून फोन केला. ते फोन करत नसत, म्हणून मी घाबरलो.

“मी जाऊन आलो तिकडं,” ते म्हणाले.

“कशाला?”

“तू महिना म्हणालास ना तिला, गावात ऐकलं मी. मला दोन सालांपासून म्हाईत व्हतं. मी तिला सांगितलं, हे पोरानं मला कवाच सांगितलं व्हतं, मीच गप बसवलं. मला झोप लागून न्हाई राहिली.”

“काय म्हणाल्या मामी?”

“म्हणली, मला म्हाईत व्हतं महिना न्हाई ते. म्हणली, तुमचं पोरगं खोटं बोलतं तवा त्याचा आवाज बारीक व्हतो. दवाखान्यात बी तसाच झाला व्हता. मला इंग्रजी कळलं न्हाई, पर तेवढं कळलं व्हतं. पर आबाच्या पोराला कसं इचारावं, म्हणून गप राहिले.”

त्यानंतर मी गावी गेलो तो दसऱ्याला. मामांच्या घरी दोन पोरं पंप घेऊन आली होती आणि ते त्यांना ओट्यावर बसून वायसर कसा बघायचा ते उजव्या हातानं दाखवत होते. लोक पुन्हा विचारायला येऊ लागले होते. स्वतः फवारणी त्यांना पुढे कधी करता आली नाही. त्या हातासाठी मी दोन-तीन डॉक्टरांना विचारलं. काही होण्यासारखं नव्हतं.

मामी मागे परसात तुरीत निंदत होत्या. मी तुरीच्या ओळीत जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, “मामी, मी तुम्हाला महिना म्हणालो ते खोटं होतं. दोन वर्षं झाली होती. तुमच्या सासूबाई तेव्हा होत्या.”

त्यांनी मान वर केली नाही. खुरप्यानं गवत उपटून बाजूला टाकलं, पुढचं उपटलं. मला वाटलं ऐकलं नसेल, म्हणून मी पुन्हा बोलायला तोंड उघडलं.

“ऐकलं म्या,” त्या म्हणाल्या. “तितं उभा राहू नकोस, तूर तुडवायलास.”

मी बाजूला झालो. त्या ओळीच्या टोकापर्यंत निंदत गेल्या आणि मी परत फिरेपर्यंत एकदाही वळल्या नाहीत.